साह्याचे स्थान

साह्य म्हटले की मन चटकन प्रसंगाकडे धावते. कोणी अडला, कोणी हात दिला, गोष्ट संपली. पण प्रसंग सरल्यावरही त्याच जागी उभे राहायचे, दुसऱ्याच्या कार्यालाच आपले कार्य मानून वर्षे घालवायची, असे साह्य हाती घेतले की ती एक साधनाच होऊन बसते.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात हा विषय औंढ्यापासूनच उघडावा. संत गोरा कुंभारांच्या परीक्षेत कच्चे ठरलेले नरसीचे नामदेव नागनाथाच्या देवळात आले, तेव्हा विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते, ते पाय नामदेवांनी उचलून जिथे ठेवावेत तिथे पिंड प्रकटू लागली, असे परंपरा सांगते. पुढे नामदेवांची वाणी पंजाबात पोहोचली, त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आली. त्यांचे गुरू विसोबा मात्र बहुतेकांना या एका प्रसंगापुरतेच ठाऊक. साह्य असे घेणाऱ्याच्या मुखातून बोलते.

आता मैदानाकडे वळू. तिथेही हे स्थान आहे. मुंबईचे मध्यमगती गोलंदाज पारस म्हांबरे १९९६मध्ये इंग्लंडात दोन कसोटी खेळले आणि कसोटीतली त्यांची वाटचाल तिथेच थांबली. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी बंगालला २००५-०६ आणि २००६-०७ असे लागोपाठ दोनदा रणजीच्या अंतिम सामन्यात नेले, म्हणजे मुख्य पदाचा अनुभव त्यांना होताच. तरीही २०१८च्या युवा विश्वचषकात आणि २०२१पासून वरिष्ठ संघातही, मुख्य प्रशिक्षक राहुल द्रविड यांच्या हाताखाली, त्यांनी गोलंदाजांचे साह्यच पत्करले. सरावाच्या जाळीत चेंडूचा टप्पा, मनगट, थकवा सारे न्याहाळायचे, आणि सामना सुरू झाला की सीमारेषेबाहेर बसायचे! २९ जून २०२४ला बार्बाडोसमध्ये टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना भारत ७ धावांनी जिंकला, स्पर्धेचा मानकरी गोलंदाज जसप्रीत बुमराह ठरला, आणि ते योग्यच झाले.

अमेरिकन फुटबॉलमध्ये तर बचावाचा, आक्रमणाचा, एकेका फळीचा प्रशिक्षक वेगळा. आणि मुख्य प्रशिक्षकाला हटवले की यांतल्या पुष्कळांनाही बिऱ्हाड हलवावे लागते. क्रिकेटमध्येही द्रविड यांच्यासोबत म्हांबरे यांचा कार्यकाळ संपला. साह्याचा हा पदर मला सर्वांत कठीण वाटतो, कारण इथे श्रम आपले असतात आणि प्रारब्ध दुसऱ्याच्या प्रारब्धाला बांधलेले असते.

म्हणून साह्य घेणाऱ्याची दृष्टीही पाहावी लागते. २०१८चा युवा विश्वचषक जिंकल्यावर क्रिकेट मंडळाने द्रविड यांना ५० लाख आणि सहकाऱ्यांना प्रत्येकी २० लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा हा भेद त्यांना रुचला नाही आणि सर्वांना समान २५ लाख मिळाले; २०२४मध्ये त्यांच्या वाट्याला ५ कोटी येत असताना त्यांनी सहायक प्रशिक्षकांइतकेच अडीच कोटी स्वीकारले. याला औदार्य म्हणणे मला अपुरे वाटते. औदार्यात आपले असलेले देऊन टाकायचे असते; इथे तर जास्तीचे आपले मानलेच गेले नाही, साह्याची किंमत तेवढी ओळखली गेली.

म्हांबरे २०२४मध्येच मुंबई इंडियन्स या आपल्या जुन्या संघाकडे परतले. पद पुन्हा गोलंदाजी प्रशिक्षकाचेच, आणि तेही लसिथ मलिंगासोबत वाटून घेतलेले.