योग्य सापळा

मराठीत 'सापळा' या शब्दाला दोन अर्थ आहेत : पशू पकडण्याचे साधन, आणि मांस झडून गेल्यावर उरणारा हाडांचा सांगाडा. 'योग्य' या शब्दालाही दोन आहेत : कामास येणारे, आणि न्याय्य. उत्तर अमेरिकेच्या अरण्यांत फरसाठी बीव्हर, मार्टेन, लिंक्स, मस्करॅट पकडणारा पारधी हिवाळ्याच्या तोंडाशी 'योग्य सापळा कोणता?' असे विचारतो, तेव्हा त्याच्या मनात पहिला अर्थ असतो. दुसरा अर्थ त्याच प्रश्नात कसा शिरतो, याचा विचार करावा म्हणून हा लेखनप्रपंच.

पारध्याचा हिशेब तसा व्यावहारिक असतो. पिंजरा जड आणि महाग. अनेक कोस बर्फातून तो वाहून न्यायचा कसा? शिवाय लांडगा वा कोयोट पिंजऱ्यात सहसा पाऊल टाकीत नाही. फास स्वस्त, पण त्यात कोण सापडेल याचा भरवसा थोडा. पाय धरणारा पोलादी चाप हलका आणि सर्वत्र चालणारा. तो कातड्याला भोक पाडीत नाही, हा व्यापाराच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण. प्राणी मात्र जिवंत राहतो, आणि पारधी येईपर्यंत तसाच राहतो.

या चापाचा अमेरिकेतील इतिहास विलक्षण आहे. माणूस याच देही निष्पाप होऊ शकतो, या श्रद्धेने जॉन हम्फ्री नॉइस यांनी १८४८ साली न्यूयॉर्क राज्यात ओनायडा येथे एक समाज वसविला. तेथे मालमत्ता सामाईक होती, दोषांची उघड चर्चा होत असे, आणि या पुण्यसाधनेचा खर्च दीर्घकाळ मुख्यतः सुएल न्यूहाऊस यांच्या पोलादी चापांच्या विक्रीतून चाले. यात दांभिकपणा होता असे आम्हांस वाटत नाही. चाप तयार करणारा हात आणि त्यात अडकणारा पाय यांच्यामध्ये शेकडो मैलांचे अंतर होते, एवढेच.

ते अंतर ज्यांनी मनाने ओलांडले त्यांत चार्ल्स डार्विन व त्यांच्या पत्नी एम्मा होत्या. इंग्लंडमधील शिकारराखणीच्या चापांविरुद्ध त्यांनी १८६३ साली एक जाहीर विनंतिपत्र काढले. संध्याकाळी अडकलेला जीव रखवालदार येईपर्यंत रात्रभर काय भोगतो, हे त्यांना वाचकांपुढे ठेवायचे होते. त्या देशात तो चाप प्रत्यक्ष बंद व्हायला १९५८ साल उजाडले. ज्याला ते अंतर ओलांडावेच लागले नाही असा माणूस म्हणजे कॅनडाचा फ्रँक कॉनिबेअर. तो स्वतःच पारधी होता. उत्तरेच्या रानात अडकलेले प्राणी वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहिल्यावर त्याने मान वा छाती दाबून झटकन मारणारा चौकटीचा सापळा घडविला; १९५० नंतरच्या दशकात तो बाजारात आला. मस्करॅटसाठी ११०, बीव्हरसाठी ३३० अशा क्रमांकांनी तो ओळखला जातो. येथे माप चुकले की दयाही चुकते : लहान चौकट मोठ्या प्राण्याला मारीत नाही, नुसती आवळून धरते.

युरोपीय समुदायाने १९९१ साली पाय धरणाऱ्या चापांवर १९९५ पासून बंदी घालणारा आणि असे चाप चालणाऱ्या देशांची फर रोखणारा नियम केला. त्यातून १९९७ साली कॅनडा व रशियाशी करार झाला. मारणाऱ्या सापळ्याने प्राणी किती सेकंदांत बेशुद्ध व्हावा, हे त्यात ठरले : अर्मिनसाठी ४५, मार्टेनसाठी १२०, इतरांसाठी ३००. चाचणीत निदान १२ प्राणी घ्यायचे आणि त्यांतील ८० टक्के मर्यादेत बसले की सापळा उत्तीर्ण. म्हणजे बारांतले दहा. उरलेल्या दोघांविषयी कराराचे काही म्हणणे नाही. पाच मिनिटे हा काळ घड्याळ समोर ठेवून एकदा शांतपणे बसून पाहावा. तो अल्प नाही.

मग ही सारी मापे म्हणजे सद्‌सद्विवेकबुद्धीला दिलेली झोपेची गोळीच, असा आक्षेप येतो. मरण सोसवेल असे केले की मारणे सोपे होते, हे खरे. तरीही हा आक्षेप आम्ही पूर्णपणे स्वीकारू शकत नाही. क्री, डेने यांसारख्या उत्तरेकडील मूळ रहिवाशांची उपजीविका या धंद्याशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेली आहे. सुती कपड्यांत भागणाऱ्या माळव्यात वा गुजरातेत बसून त्यांना नीती शिकविणे फार स्वस्त पडते. आणि आपल्या घरांतील मुंजीत बटूच्या जानव्याला अजिनाचा तुकडा बांधण्याची रीत आहेच. ते हरण कोणत्या फासात गेले, हे पोथी सांगत नाही. 'मारूच नये' असे म्हणणाऱ्याचा मार्ग अधिक शुद्ध आहे, हे आम्हांस मान्य आहे. पण जोवर कोणी मारीत आहे, तोवर कसे मारतो हा प्रश्न क्षुद्र ठरत नाही. आज रात्री अडकणाऱ्या प्राण्याच्या वाट्याला तेवढाच येतो.

लांडगा आणि कोयोट यांच्यासाठी मात्र आजही पाय धरणारा चापच चालतो, फार तर जबड्यांना रबर लावून. अशा चापाची योग्यता पोलादावर नव्हे, पारध्याच्या फेरीवर ठरते. काही प्रांतांत चोवीस तासांत सापळा पाहणे बंधनकारक आहे, काही ठिकाणी तीन दिवसांची मुभा आहे. पहिल्या सकाळी पाहिलेला आणि तिसऱ्या दिवशी पाहिलेला चाप एकाच कारखान्यातला, एकाच मापाचा असतो. बाहेर शून्याखाली तीस अंश थंडी असते, आणि चापांची रांग कित्येक मैल पसरलेली असते.