स्वस्ताईचे मोल

वस्तू महाग असली, की ती थोड्यांच्याच हाती पडते. यात अन्याय आहे, हे कळायला कोणी तत्त्वज्ञ लागत नाही. परंतु तीच वस्तू स्वस्त झाली, म्हणजे न्याय झाला काय? हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

ऑस्ट्रेलियातील जिलाँग शहरी डीकिन विद्यापीठाने २०१४ साली ‘कार्बन नेक्सस’ हे संशोधन-केंद्र उघडले. कार्बनचा धागा स्वस्त कसा होईल, हा तेथील एक मोठा ध्यास आहे. हा धागा राळेत बसवून ती घट्ट केली, की जो संमिश्र पदार्थ होतो, तो त्याच आकाराच्या पोलादाच्या मानाने वजनाला जेमतेम पाचवा हिस्सा भरतो आणि तरीही कमालीचा बळकट असतो. विमानाचे पंख त्याचे होतात, तसाच पाय गमावलेल्याचा हलका कृत्रिम पायही होतो. मूळ धागा सहसा ॲक्रिलिकचा, म्हणजे आपल्या स्वेटरच्या नकली लोकरीचा भाऊबंद. तो आधी हवेत दोनशे-तीनशे अंशांवर तापवायचा, मग प्राणवायूवाचून हजारावर. एकूण खर्चाचा सुमारे निम्मा भाग हा मूळ धागाच खातो. उरलेल्यात भट्टीच्या इंधनाचा वाटा मोठा.

आपली कुडाची भिंत याच कुळातली. काठ्या ताण सोसतात, माती त्यांना धरून ठेवते. पण ती भिंत पडली, की माती मातीला मिळते आणि काठ्या चुलीत जातात. या नव्या पदार्थाची राळ बहुधा एकदा घट्ट झाली, की पुन्हा वितळत नाही. जाळून धागा सोडवता येतो. पण तो आखूड होतो, त्याचा कसही उतरतो. काचतंतूंच्या संमिश्राची तीच गत. अमेरिकेत वायोमिंगमधील कॅस्पर येथे पवनचक्क्यांची जुनी पाती कापून जमिनीत पुरली गेली, ती याच अडचणीमुळे.

मग उद्याच्या कचऱ्याचे भय दाखवून आज लंगडणाऱ्याला हलका पाय नाकारायचा? मुळीच नाही. भरल्या पोटाने दुसऱ्याला उपवासाचे पुण्य सांगणे ही नीती नव्हे. स्वस्ताई हवीच. मात्र ज्या किमतीत वस्तूच्या शेवटच्या दिवसाचा खर्च धरलेला नाही, ती स्वस्ताई नसून उधारी आहे. आणि ती फेडणारा अजून जन्माला यायचा असल्यामुळे त्याची संमती कोणी विचारीत नाही.

व्यापारी विक्रीपर्यंतचा हिशेब मांडतो; त्याचा धंदाच तो आहे. विद्यापीठाने त्यापुढचाही मांडावा, कारण ज्यांचा आवाज बाजारात पोचत नाही, त्यांच्या वतीने विचार करण्यासाठीच समाजाने ते पोसलेले असते. उष्णतेने पुन्हा मऊ होणाऱ्या राळांचा शोध हा त्या हिशेबाचाच भाग आहे. त्याला शोभेचे कलम समजू नये. बळकट जोडणे ही विद्या खरीच, पण काम संपल्यावर सोडवता येईल असे जोडणे, हा त्या विद्येचा धर्म आहे.