थांबण्याची मुभा

पैसे भरून दमायला जाणं ही गोष्ट समजावून सांगायला अवघड आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचंच घ्या. अंतर २१ किलोमीटर. निम्मी वाट यवतेश्वरच्या घाटातून कासच्या दिशेने चढायची, मग वळायचं आणि तोच घाट उतरून परत यायचं. २०१२ पासून ही शर्यत होते आहे. डॉक्टर, बँकवाले, शिक्षक, माझ्यासारखे आयटीतले लोक छातीवर बिब लावून पहाटे तिथे उभे असतात. जिंकण्याचा विचार त्यांतल्या बहुतेकांच्या मनातही नसतो. मी दोनदा धावलो आहे आणि पुन्हा धावणार आहे.

तिवस्याला घरी हे सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "पैसे देऊन काहून पयतं बाबू? दमाचंच असन तं वावरात ये, फुकटात दमवतो तुले." सगळे हसले, मीही हसलो. पण हा प्रश्न चेष्टेवारी सोडून द्यायचा नाही. ज्या गावात दमणं हा रोजचा भाग आहे, तिथून आलेल्या पोराने शहरात जाऊन दमण्याचा छंद लावून घ्यायचा, यात काहीतरी खटकण्यासारखं आहेच. हौसेने सोसलेल्या कष्टाला काही मोल असतं का? आणि असलं तर ते नाइलाजाने सोसलेल्या कष्टाच्या शेजारी ठेवता येतं का?

पहिल्या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने दिलं आहे. १९७८ साली आलेल्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात तो खेळाची व्याख्या करतो. तिचा मथितार्थ असा, की ज्या अडथळ्याची गरज नाही तो आपणहून स्वीकारणं आणि पार करायला बघणं म्हणजे खेळ. कासला मोटारीने जाता येतं. शिवाय आम्ही जिथून निघतो तिथेच परत येतो, म्हणजे जायचं कुठेच नसतं. तरीही गाडी वापरायची नाही हा नियम आम्ही मान्य करतो, कारण त्या नियमाशिवाय ती गोष्टच उरत नाही. काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. वावरात कापूस वेचायचा असतो, वेचणं सोपं झालं तर सगळ्यांना हवंच आहे. शर्यत सोपी झाली तर ती कुणालाच नको असते.

या व्याख्येत 'आपणहून' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो काढला की काय होतं याचा पुरावा आपल्या जिममध्येच उभा आहे. ट्रेडमिलचा पूर्वज तुरुंगातला. १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट या इंग्रज इंजिनिअरने कैद्यांसाठी पायऱ्यांचं एक मोठं चाक बनवलं. कैदी तासन् तास त्यावर चढत राहायचे आणि जागच्या जागीच असायचे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या तुरुंगांत ही सक्तमजुरी होती. आज आपण महिन्याची फी भरून जागच्या जागी धावतो. घाम तोच, धाप तीच. फरक इतकाच की आपल्या समोर लाल बटण आहे आणि ते दाबायला कुणाची परवानगी लागत नाही.

मला वाटतं, हौशी धावपटूच्या कष्टाचं सगळं मर्म या बटणात आहे. थांबता येत असताना न थांबणं, हे त्याचं मोल. आणि थांबता येतं म्हणूनच ते हलकंही आहे.

तिवसा नागपूर–अमरावती महामार्गावर आहे. पहाटे गावात असलो की भरतीची तयारी करणारी पोरं रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात. अग्निवीर भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत पूर्ण केले तर ६० गुण मिळतात. त्या पोरांच्या डोक्यात एवढे आकडे असतात, आणि वयाची मर्यादा. आता याच्या शेजारी दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन ठेवू. १९२१ पासूनची ही शर्यत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांच्या मध्ये होते, साधारण ९० किलोमीटरची. बारा तास पूर्ण झाले की एक माणूस धावपटूंकडे पाठ करून बंदुकीचा बार काढतो. कोण किती जवळ आलंय हे त्याने बघायचंच नाही. एका पावलाने राहिलात तरी पदक नाही. व्हिडिओ बघताना घशाशी आवंढा येतो.

दोन्हीकडे घड्याळ तितकंच निर्दय आहे. पण कॉम्रेड्समध्ये हुकलेला माणूस आठवड्याभरात आपल्या कामावर परततो आणि आयुष्यभर सांगायला एक गोष्ट घेऊन जातो. आमच्या रस्त्यावरचा पोरगा काही सेकंदांनी हुकला तर त्याचं वर्ष जातं, कधी कधी शेवटची संधी जाते. त्याची गोष्ट कुणी ऐकायला बसत नाही. पायांना हा फरक कळत नाही. धावणाऱ्याला मात्र पुरेपूर कळतो.

बारामतीच्या लता करे यांची धाव आपण सगळ्यांनी वाचली आहे. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी नेसून मॅरेथॉनमधल्या ज्येष्ठांच्या शर्यतीत उतरल्या आणि जिंकल्या. नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवे होते आणि शर्यतीला बक्षीस होतं. पुढे त्यांच्यावर सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली, त्याला राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये विशेष उल्लेखही मिळाला. कौतुक व्हायलाच हवं होतं. पण त्यांचा फोटो 'जिद्द असावी तर अशी' या ओळीसह फॉरवर्ड होतो तेव्हा एक गोष्ट हळूच गळून पडते. त्या धावल्या, कारण तपासणीचे पैसे नव्हते. जिद्दीकडे बघता बघता आपण बिलाकडे बघायचं विसरतो.

माझ्या क्षेत्रात हीच चलाखी रोज चालते. एका प्रोजेक्टवर सलग कितीतरी शनिवार-रविवार गेले, तेव्हा मीटिंगमध्ये आम्हाला सांगण्यात आलं की ही मॅरेथॉन आहे, टिकून राहा. मला तेव्हाच वाटलं, मॅरेथॉनमध्ये मी कडेला बसून पाणी पिऊ शकतो. बिब काढून रिक्षाने हॉटेलवर जाऊ शकतो. निकालात नावापुढे डीएनएफ लिहिलं जाईल, बस्स. इथे तीन महिन्यांचा नोटीस पिरियड आहे आणि घराचे हप्ते. खेळातला शब्द कामावर आणला की थांबण्याची मुभा तेवढी मागे राहते, सोसणं तेवढं सोबत येतं.

मग हौसेने धावणं ही भरल्या पोटाची चैनच ठरते का? इथे मी काकांनाच साक्षीला बोलावतो. आमच्या तालुक्यातल्या कौंडण्यपूरहून, म्हणजे रुक्मिणीच्या माहेरहून, पंढरपूरला पालखी जाते. विदर्भातल्या जुन्या पालख्यांमध्ये तिची गणना होते. महिनाभराहून जास्त दिवस पायी. काका दोनदा गेलेत. एसटी असताना, रेल्वे असताना. म्हणजे गरज नसलेला अडथळा आपणहून घ्यायचा, हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत आहे. मी तसं म्हणालो तर म्हणाले, "वारीत घड्याय नसते बाबू." थोडा वेळ गप्प बसून पुढे म्हणाले, "अन् कोनी बसला तं त्याच्याजवळ कोनीतरी बसते."

वावरात राबणाऱ्या माणसालाही स्वतः निवडलेली दमणूक हवीच असते. ती चैन नाही, भूक आहे. वर्षभर शरीर पावसासाठी, कर्जासाठी, पोटासाठी झिजवल्यावर काही दिवस तरी ते आपल्या मर्जीने झिजवावं, ही माणसाची साधी इच्छा आहे. अन्याय असलाच तर तो हा, की ही मुभा काहींना दर रविवारी मिळते आणि काहींना आषाढात, तीही पेरण्या उरकल्या तर.

म्हणून मी धावणं सोडणार नाही. मात्र माझ्या २१ किलोमीटरच्या बळावर कुणाला कष्टाचं महत्त्व सांगायला जाणार नाही. ते माझे लाडके कष्ट आहेत, त्यांना वावरातल्या कष्टांचा मान मागता येत नाही. आणि यापुढे कुणाच्या सोसण्याचं कौतुक कानावर आलं की एक प्रश्न आधी विचारणार आहे. याला थांबता येत होतं का? येत असेल तर मनापासून टाळ्या. येत नसेल, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला कुणी आणि कशाने थांबू दिलं नाही, हे बघायला हवं. त्यातलं काही आपल्या हातात असू शकतं.