जरा बाहेर थांबा

"शुगर किती?" या प्रश्नाला आकड्यात उत्तर असतं. "गोळ्या घेता का?" याचं उत्तर मात्र भोवती कोण कोण बसलंय ते बघून दिलं जातं.

मराठवाड्यातल्या एका उपकेंद्रात मी हे पाहिलं. खुर्चीत आजी, शेजारी नातू, समोर पडद्यावर जिल्ह्याच्या गावचे डॉक्टर. उपाशीपोटीची साखर २६०. डॉक्टरांनी आपुलकीनं विचारलं, "आजी, गोळ्या रोज घेता ना?" आजीनं नातवाकडे पाहिलं. नातू म्हणाला, "घेती की, सर. मीच आणून देतो." डॉक्टर गोळी वाढवून द्यायच्या बेतात होते. तेवढ्यात तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी, ज्यांना सगळं गाव मॅडम म्हणतं, नातवाला म्हणाल्या, "दादा, तू जरा बाहेर थांब."

दार लोटल्यावर आजी बोलायला लागली. सकाळची गोळी ती कधीच सोडून बसली होती. सातला खुरपायला जायचं, भाकरी खायची ती दुपारी एकला. गोळी घेतली की बांधावरच दरदरून घाम सुटायचा, हातपाय लटलटायचे. घरात सांगावं तर पोरगा तालुक्याला नेणार, म्हणजे जीपचं भाडं आणि त्याचा रोज बुडणार. म्हणून तिनं गोळ्या लुगड्याच्या गाठीत बांधून ठेवल्या होत्या. आता हिशोब करा. डॉक्टरांना २६० दिसले असते, त्यांनी गोळी दुप्पट केली असती, आणि नातवाच्या धाकानं एखाद्या दिवशी म्हातारीनं ती खरंच उपाशीपोटी घेतली असती. शेतात साखर एकदम उतरली तर जवळ गुळाचा खडा असेलच असं नाही.

चूक कुणाची होती? डॉक्टरांची नाही, समोर जे आलं त्यावर ते बोलत होते. नातवाचीही नाही. त्यानं त्याला ठाऊक होतं तेच सांगितलं. आजी खोटं बोलली असंही म्हणवत नाही, कारण ती काही बोललीच नव्हती.

२५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने दूरवैद्यकाचे, म्हणजे टेलिमेडिसिनचे, नियम जारी केले. रुग्णाने स्वतः सल्ला मागितला तर त्याची संमती गृहीत धरावी, असं त्यात आहे. नियम वाजवीच आहे. पण आपल्या खेड्यात सल्ला मागतो फोन, आणि फोन असतो पोराचा, नातवाचा, फार तर सुनेचा. सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर घरबसल्या डॉक्टर गाठता येतो हे खरंच मोठं काम झालं. मात्र अशा वेळी प्रश्नही त्याच फोनवरून जातो आणि चिठ्ठीही त्याच फोनवर येते. ज्याचं शरीर आहे तो माणूस या सगळ्यात शेजारी बसून असतो. दुसरी वाट उपकेंद्रातली. तिथे पडदा सरकारी असतो आणि खोलीत एक तिसरी व्यक्ती असते. मला पडद्यापेक्षा तिचं मोल जास्त वाटतं. दुसऱ्याला खोलीबाहेर पाठवण्याचा हक्क तिथे फक्त तिला असतो. सून सासूसमोर तो बजावू शकत नाही, आणि शंभर किलोमीटरवरच्या डॉक्टरला तर खोलीत कोण आहे हेही धड दिसत नाही.

आयसीएमआरच्या पाहणीचा आकडा २०२३ मध्ये आला: देशात १० कोटींहून अधिक मधुमेही. शहरात शंभरातले सोळा, खेड्यात नऊच्या आसपास. खेड्यातला आकडा कमी म्हणून निश्चिंत व्हावं, तर तिथे डॉक्टर त्याहून कमी. तेव्हा दूरवरचा डॉक्टर नको असं म्हणण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. ज्यांच्या दारात डॉक्टर आहे त्यांनीच "प्रत्यक्ष तपासणीची सर नाही" असं म्हणावं, हे मला जरा अश्लीलच वाटतं.

तमिळनाडूत चुनमपेटच्या परिसरात हे फार आधी करून पाहिलं गेलं. चेन्नईचे डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने इस्रोच्या उपग्रहाशी जोडलेली गाडी ४२ गावांत फिरवली. सत्तावीस हजार प्रौढांपैकी २३,४४९ जणांची तपासणी झाली, डोळ्यांचे फोटो गाडीतच निघाले, आणि चेन्नईच्या मोठ्या इस्पितळात पाठवावे लागले ते रुग्ण शंभरात पाचही नव्हते. लोक उपग्रहाचं कौतुक करतात. मला त्यात गावातली शिकवून तयार केलेली पोरं दिसतात. कॅमेऱ्यासमोर हनुवटी कशी टेकवायची हे म्हातारीला तिच्या भाषेत सांगणारं कुणीतरी लागतंच.

आणि पाय. मधुमेहात पायाची जाण जाते. काटा रुतला तरी कळत नाही, कळतं ते वास यायला लागल्यावर. फोनवर "पाय बरे आहेत ना?" विचारलं तर "बरं हाय" हेच उत्तर येणार, कारण दुखतच नाही. पाऊल हातात घ्यावं लागतं, बोटांच्या बेचक्यात बघावं लागतं, चपलेच्या तळात खिळा आलाय का तेही. मॅडम त्या दिवशी जमिनीवर बसल्या, आजीची टाच मांडीवर घेतली आणि पडद्याकडे न बघताच डॉक्टरांना सांगत गेल्या: डाव्या अंगठ्याखाली घट्टा, जखम नाही, भेग आहे. डॉक्टर लिहून घेत होते. गोळी त्यांनी वाढवली नाही, बदलून दिली आणि पहिल्या घासाबरोबर घ्यायला सांगितली. तो घास सकाळी सातच्या आत कसा पडायचा, यावर बराच वेळ गेला. शेवटी रात्रीची भाकर उरवून सकाळी दुधात कुस्करायची, असं आजीनंच सुचवलं.

दार उघडलं तेव्हा नातू ओट्यावर फोनमध्ये डोकं घालून बसला होता. उठून त्यानं मॅडमना विचारलं, "काय म्हणली आजी? मला का नाही सांगितलं तिनं?"

मॅडम रजिस्टर भरत होत्या. "गोळी बदललीये, ती जेवणाबरोबर द्यायची. बाकीचं तिला विचार, तिला वाटलं तर सांगेल."

आजी तोवर चपला घालून फाटकापाशी पोचली होती.