वस्त्रे कोणाची?

प्राचीन रोमनांनी राजेशाही मोडली तेव्हा सर्वोच्च अधिकार दोन कॉन्सलांत वाटला, आणि तोही एकाच वर्षापुरता. सैन्याचे आधिपत्यही त्यांच्याचकडे असे. मोठे संकट आले तर एकालाच सर्वाधिकारी नेमीत. पण त्याची मुदत सहा महिन्यांची. यात माणसाविषयी अविश्वास आहे असे प्रथमदर्शनी वाटते. मला तर त्यात पदाविषयीचा आदर दिसतो.

आपल्याकडे अशी मुदत नव्हती. परंतु पद ही घराण्याची मिळकत नव्हे, ही जाणीव शिवछत्रपतींना होती. १६७४ साली सेनापती प्रतापराव गुजर नेसरीला पडले. महाराजांनी त्यांची कन्या राजारामांसाठी सून म्हणून घरात आणली. सेनापतिपद मात्र हंबीरराव मोहित्यांना दिले. हंबीरराव राणी सोयराबाईंचे बंधू होते हे खरे; पण रणात पारखलेलेही होते. गुजरांचे ऋण महाराजांनी आपल्या घरातून फेडले, पदातून नव्हे.

पुढे ही रेघ पुसट झाली. १७२० साली बाळाजी विश्वनाथ वारले आणि शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रे त्यांच्या मुलाला, विशीही न गाठलेल्या बाजीरावाला दिली. बाजीराव असा पराक्रमी निघाला की निवडीविषयी शंका घेण्याचे कोणाला कारणच उरले नाही. खरा धोका येथेच होता. मुलगा नालायक निघता तर कदाचित रीत तेथेच मोडली असती. तो लायक निघाला म्हणून ती रूढ झाली. १७७४ साली तीच वस्त्रे चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना मिळाली! कारभार अर्थातच नाना फडणीसादी मंडळींनी पाहिला. काम एकाचे आणि पद दुसऱ्याचे, अशी ही फारकत.

आमच्या देवरीच्या बाजूला अंमल नागपूरकर भोसल्यांचा. त्यांचे 'सेनासाहेबसुभा' हे पदही असेच वारशाचे झाले. १७७२ साली जानोजी वारल्यावर त्यावरून मुधोजी व साबाजी हे भाऊ एकमेकांवर उठले आणि १७७५ साली पाचगावच्या लढाईत साबाजी मारला गेला. पद सेवेचे राहिले असते तर भावाने भावाचा जीव घ्यावा असे त्यात काय होते?

मग लायक मुलाला केवळ बापामुळे डावलावे काय? मुळीच नाही. परक्याला जितके पारखून घेऊ तितकेच त्यालाही पारखावे, एवढेच. कृतज्ञता हा थोर गुण आहे. पण तिची किंमत देणाऱ्याने स्वतःच्या पदरची मोजावी. पद प्रजेचे असते, आणि दुसऱ्याच्या धनाने आपले ऋण फिटत नाही.

शाहू महाराजांच्या हातची ती वस्त्रे आज मताच्या रूपाने आपल्या हाती आली आहेत. एखादा भला पुढारी वारतो, गाव हळहळते, आणि पोटनिवडणुकीत त्याच्या मुलाला आपण डोळे पुसत मत देतो. त्या अश्रूंत खोटे काही नसते. पण त्या घरी सांत्वनाला जाणे वेगळे आणि पाच गावांचा कारभार हवाली करणे वेगळे, हे त्या दिवशी कोणी कोणाला सांगावे?