धान्य टिकतं, पीठ टिकत नाही

घरघंटी आल्यापासून आमच्या स्वयंपाकघरातला पिठाचा डबा लहान झाला आणि धान्याचे डबे वाढले. पूर्वी पंधरा दिवसांचं दळण एकदम गिरणीवर जायचं. आता गव्हाचं पीठ चार-पाच दिवसांपुरतं, ज्वारीचं दोन-तीन दिवसांचं आणि बाजरीचं भाकरी करायची असेल तेव्हाच. सुरुवातीला ही नुसती सोय वाटली होती. हळूहळू लक्षात आलं, की धान्याच्या स्वभावालाच हा क्रम अधिक मानवतो.

अख्खा दाणा स्वतःला जपतो. बाहेर कोंडा, आत पिष्ट आणि टोकाशी अंकुर. गव्हाच्या दाण्यात अंकुराचा वाटा जेमतेम अडीच-तीन टक्के, पण तो तेलाने समृद्ध असतो. दाणा शाबूत असतो तोवर हे तेल आणि त्याचं विघटन करणारी विकरं एकमेकांपासून दूर राहतात. दळलं की ती एकत्र येतात, हवा लागते आणि पीठ खवट होऊ लागतं. बाजरीत स्निग्धांश सुमारे पाच टक्के, म्हणजे गव्हाच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे बाजरीचं पीठ सगळ्यांत आधी कडवट होतं, उन्हाळ्यात तर फारच लवकर. मैदा महिनोन्महिने राहतो, कारण रोलर गिरणीत कोंडा आणि अंकुर दोन्ही बाजूला काढलेले असतात. पिठाचा टिकाऊपणा असा दाण्यातलं काहीतरी देऊन विकत घ्यावा लागतो.

ज्वारीचं दुखणं वेगळं. तिच्यात गव्हासारखं ग्लूटेन नसतं. पीठ धरून ठेवायचं काम पिष्टालाच करावं लागतं, म्हणून तर आपण कढत पाणी घालून ते मळतो. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि थापता थापताच भाकरीच्या कडा फाटू लागतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण ती कौतुकाने आणून दळली आणि पीठ तीन आठवडे डब्यात राहू दिलं, तर तिचं मोठेपण तव्यापर्यंत पोचत नाही. कित्येक नवख्या हातांना भाकरी जमत नाही, तेव्हा दोष पुष्कळदा हाताचा नसतो, पिठाच्या वयाचा असतो.

घरातल्या यंत्राची रीत गिरणीपेक्षा वेगळी आहे, ती समजून घ्यावी लागते. गिरणीत दाणा दोन दगडांच्या दाबाखाली घासला जातो. त्यात पिष्टाचे कण अधिक फुटतात आणि असं पीठ पाणी जास्त पितं. नेहमीच्या घरघंटीत एक अश्वशक्तीची मोटर मिनिटाला सुमारे २,८०० फेऱ्यांनी पोलादी पाती फिरवते. दाणा त्यांच्यावर आदळून फुटतो आणि पुरेसा बारीक झाला की जाळीतून खाली पडतो. म्हणून गिरणीच्या पिठाचं पाण्याचं माप इथे जसंच्या तसं लागू पडत नाही, कणीक भिजवताना हाताला नव्याने अंदाज घ्यावा लागतो. जाळी बदलली की पोत बदलतो. भज्यांना डाळीचं पीठ बारीक हवं, लाडवाला रवाळ, लापशीला गव्हाचा भरडा. थालीपिठाची भाजणी पूर्ण निवल्याशिवाय दळायची नाही, आणि दळायची ती सगळ्यांत शेवटी, कारण धण्या-जिऱ्याचा वास मागे राहतो. नंतर मूठभर तांदूळ दळून यंत्र साफ करून घ्यायचं. दळलेलं पीठ कोमट असतं. ते परातीत पसरून गार करायचं, नाहीतर डब्यात वाफ धरते. आणि निवडणं-पाखडणं काही सुटत नाही. एक खडा जाळी फाडायला पुरेसा असतो.

ताज्या पिठाचं हे सुख नवं नाही. जात्याच्या काळी ते घरोघरी होतं, पण त्याची किंमत बायकांच्या दंडांनी आणि पाठीने मोजली. पहाटेच्या अंधारात उठायचं, एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्याने वैरण घालायची आणि साऱ्या घराचं पीठ दिवस उगवायच्या आत पाडायचं. विठ्ठल जनाबाईला दळू लागला, असं आपली परंपरा सांगते. देवाने येऊन काय करावं, तर खुंट्याला हात लावावा. ते काम किती जड होतं, हे यावरून कळतं.

त्याच कष्टांतून ओव्या आल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी त्या खेडोपाडी जाऊन जमवल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आहे. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे आणि सासुरवासही आहे. हा ठेवा मला फार मोलाचा वाटतो. तरीही त्याच्यासाठी जातं परत यावं, असं मी म्हणणार नाही. गावात गिरणी आली आणि बायकांची पहाट मोकळी झाली, ते चांगलंच झालं. मात्र दळण घराबाहेर गेलं तसं ते एकदम व्हायला लागलं आणि साठवलेलं पीठ खाणं आपल्या अंगवळणी पडलं.

घरघंटीने ताजं पीठ घरात परत आणलं आणि कष्ट मागेच ठेवले. ताशी सात-आठ किलो धान्य ती दळते, तेव्हा आमचं चार दिवसांचं दळण वीस मिनिटांचं काम आहे. इतक्या हलक्या कामाला बाईचाच हात लागावा, याला आता काही कारण उरलेलं नाही. आमच्याकडे दळण मुलगा लावतो. धान्य तोच निवडतो आणि पोळीला कोणती जाळी, भरड्याला कोणती, हे त्याला विचारावं लागत नाही. जात्याने जे एकट्या बाईवर टाकलं होतं, ते वाटून घेता आलं, याचं समाधान मला ताज्या भाकरीइतकंच मोठं आहे.

हे यंत्र प्रत्येकाला परवडेल असं नाही, आणि ते प्रत्येक घरी असायलाच हवं असंही नाही. गल्लीतली गिरणी चालू असणं अनेक घरांसाठी गरजेचं आहे. तिथेही दळण थोडं थोडं नेता येतं. गहू आठवड्याचा न्यावा, ज्वारी त्याहून कमी आणि बाजरी सगळ्यांत कमी. खेपा वाढतील, पण गिरणीवाल्याचं काम काही घटणार नाही. साठवायचं असेल तर धान्य साठवावं. ते निसर्गानेच टिकायला घडवलं आहे. पीठ मात्र खायच्या बेतानेच करावं.