पाण्यातली काठी सरळ होत नाही

दोरीवरचा साप हा वेदान्ताचा लाडका दृष्टान्त. दिवा आणला की साप जातो, तसे ज्ञान झाले की भ्रम जातो. पण पाण्यात तिरपी बुडवलेली काठी हा हिशेब मानत नाही. प्रकाशाचा वेग पाण्यात सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर, हवेत जवळजवळ तीन लाख. म्हणून पाण्यातून तिरपा बाहेर पडणारा किरण पृष्ठभागाशी वळतो आणि काठी मोडलेली दिसते. हे अपवर्तन (जुन्या पाठ्यपुस्तकांतले वक्रीभवन) ज्याला तोंडपाठ आहे त्यालाही ती मोडलेलीच दिसते. अद्वैताच्या आचार्यांना हा भेद ठाऊक होता. जास्वंदीजवळ ठेवलेल्या स्फटिकाची लाली फूल दूर केल्याशिवाय जात नाही, नुसत्या कळण्याने तर नाहीच. फूल ही इथली उपाधी, म्हणून अशा भ्रमाला त्यांनी ‘सोपाधिक’ म्हटले. प्रवचनांतून दोरीला जेवढा मान मिळाला तेवढा या स्फटिकाला मिळाला नाही, आणि ‘मिथ्या’ म्हणजे सरसकट ‘खोटे’ असे आपण धरून बसलो.

कुणी म्हणेल, डोळाच फसवतो तर प्रत्यक्षाला प्रमाण कशाला मानायचे? पण डोळ्याने फसवलेले नाही. किरण जसा आला तसा त्याने घेतला. तो सरळच आला असणार, हे अनुमान आपल्या पदरचे. शिवाय ही फसगत लहरी नाही. वरून पाहताना चार फूट पाणी तीनच फूट वाटते, आणि ते ज्ञान्याला वाटते तसेच अज्ञान्याला. नाशिकचा द्राक्षबागायतदार मण्याचा रस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून ब्रिक्स पाहतो. साखर वाढली की रसाचा अपवर्तनांक वाढतो, या एवढ्या आधारावर तो तोडणीचा दिवस ठरवतो. ज्याला आपण भ्रमाचे कारण म्हणतो, तेच त्याच्या हातात प्रमाण होते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. काठी चाचपता येते, पाण्याबाहेर काढता येते. जगाबाहेर उभे राहून जग कोण तपासणार? दृष्टान्त इथे तोकडा पडतो, हे मान्य. मात्र उपाधी हटल्याशिवाय ज्ञानच होत नाही, हे मान्य करता येत नाही. वातावरण कुणालाच बाजूला सारता आलेले नाही. क्षितिजाशी ते सूर्याला सुमारे ३४ कला उचलून दाखवते, आणि बिंब स्वतः जेमतेम ३२ कलांचे. सूर्यास्ताच्या वेळा काढणारे गणिती पृथ्वीवरच बसून हा फरक हिशेबात धरतात. समुद्राच्या कडेला बिंब नुकते टेकलेले दिसते, तेव्हा सूर्य अख्खा क्षितिजाखाली गेलेला असतो.